आजोळची कानडी घरात आणायची असेल तर

कोल्हापुरात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. वडील मंगळवार पेठेतले, आई चिक्कोडीकडची. नाहीतर सासरचे गडहिंग्लजच्या पूर्व भागातले, घरात कानडी, आणि सून आलेली साताऱ्याहून. शिरोळ-हातकणंगल्याकडच्या कितीतरी जैन आणि लिंगायत घरांत आत कानडी आणि अंगणात मराठी हा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. अशा घरात वाढलेल्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं: "समजतं सगळं, पण बोलता येत नाही." मीही अशाच घरातली. आई फोनवर मावशीशी तासभर कानडीत बोलायची आणि फोन ठेवला की आमच्याशी मराठीत. कानडी मी शिकले ती मोठी झाल्यावर, नोकरी लागल्यावर. आता घरातल्या लहान मुलांना ती लहानपणापासूनच मिळावी म्हणून आमची धडपड चालू आहे.

त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमानं लिहिते. उदाहरणं कानडीची आहेत. तुमच्या घरची भाषा गांधीनगरची सिंधी असो, इचलकरंजीतली मारवाडी असो की दखनी, पायऱ्या फारशा बदलत नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकते: घरची भाषा घरच्या माणसांकडून, ती माणसं बोलतात तशीच शिकायची. पुस्तकातली कन्नड चांगलीच आहे, पण तिचा नंबर नंतर.

सुरुवात कागदापासून

घरात कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं ते एका कागदावर लिहून काढा. आई मामाशी काय बोलते? आजी शेजारणीशी? आई-आजीचं भांडण कुठल्या भाषेत होतं? देवापुढे कुठली? हे लिहिताना बहुतेकांना दिसतं की भाषा घरात भरपूर आहे, फक्त ती आपल्या दिशेनं येत नाही. मोठी माणसं एकमेकांत कानडी बोलतात आणि पोरांकडे वळली की मराठी सुरू करतात. हे कुणी ठरवून केलेलं नसतं, सवयच तशी पडलेली असते.

या यादीतून एक माणूस निवडा. एकच. शक्यतो आजी, कारण तिला वेळ असतो, ती तेच तेच न कंटाळता सांगते आणि तिची भाषा सगळ्यात कमी घासलेली असते. आजी नसेल तर मावशी, मामी, थोरला मामा. त्या माणसाला स्पष्ट सांगायचं: "आजपासून माझ्याशी कानडीतच बोला. मी चुकीन, तरी मराठीत वळू नका." हे सांगणं महत्त्वाचं, कारण आपण अडखळलो की समोरचं माणूस मायेपोटीच मराठीत बोलायला लागतं आणि गाडी तिथेच थांबते.

दिवसभर जमणार नाही. एक वेळ धरा. आमच्याकडे रात्रीचं जेवण धरलंय. ताटावर बसल्यापासून उठेपर्यंत कानडी, मग पुढे हवं ते. जेवणाची वेळ सोयीची, कारण तेच शब्द रोज येतात: रोट्टि, पल्ये, सारु, अन्न, मोसरु, मजगी, उप्पु, नीरु. आठवड्याभरात भाकरी, भाजी, आमटी, भात, दही, ताक, मीठ, पाणी तोंडात बसतं. "साक" म्हणजे पुरे आणि "ब्याड" म्हणजे नको, एवढं तरी पहिल्याच दिवशी पाठ हवं, नाहीतर अज्जी वाढतच राहील.

क्रियापदं आधी, नामं मागून

शिकणारे सहसा वस्तूंची नावं पाठ करत सुटतात. फळं, रंग, प्राणी. घरच्या भाषेत त्याचा उपयोग कमी होतो, कारण आपल्या भागातली कानडी बोलणारी माणसं नामं सर्रास मराठीतली वापरतात. पिशवी, गॅस, दप्तर, गाडी, सगळं तसंच चालतं. वाक्य कानडी होतं ते क्रियापदामुळे. म्हणून पहिल्या महिन्यात फक्त ही धरा: बा (ये), होगु (जा), कोडु (दे), तगो (घे), माडु (कर), हेळु (सांग), केळु (ऐक, विचारही), नोडु (बघ), तिन्नु (खा), कुडि (पी), कुंद्रु (बस).

आदरासाठी शेवटी "री" लावायची. बर्री, हेळ्री, नोड्री, कुंद्री. उत्तर कर्नाटकात आणि आपल्या सीमाभागात ही "री" इतकी अंगवळणी पडलेली आहे की ती नसली तर बोलणं उद्धट वाटतं. मुलांना ती पहिल्यापासून लावायला शिकवा. अज्जीला "बा" म्हणायचं की "बर्री", हे मात्र तुमच्या घराच्या रीतीनं ठरवा. काही घरांत आजीला अरेतुरेच असते, जशी मराठीत आईला असते.

मराठी माणसाला इथे मोठा आधार आहे. कन्नड द्राविडी कुळातली, मराठी आर्य कुळातली, पण शेकडो वर्षं शेजारी राहिल्यानं वाक्याची बांधणी दोघींची जवळजवळ एकच झाली आहे. कर्ता आधी, क्रियापद शेवटी. "मला कानडी थोडी येते" हे "ननग कन्नड स्वल्प बरतैती" असं होतं. शब्दाजागी शब्द ठेवत जा, वाक्य तयार. "मला माहीत नाही" म्हणजे "ननग गोत्तिल्ल". "मला पाहिजे" म्हणजे "ननग बेकु". आपल्या "करून, जाऊन, बघून" सारखी "माडि, होगि, नोडि" ही रूपं आहेत आणि ती तशीच एकापुढे एक जोडता येतात. घरातून निघताना आपण "जाऊन येते" म्हणतो, तिथे "होगि बर्तीनि".

आमच्या जेवणाच्या वेळचा एक तुकडा देते, म्हणजे पद्धत लक्षात येईल. अज्जी मुलाला म्हणते, "मजगी तगोंड बा." ताक घेऊन ये. तो उठतो, पातेलं आणतो आणि मराठीत म्हणतो, "आणलं." अज्जी रागवत नाही, दुरुस्तही करत नाही. ती नुसतं स्वतः म्हणते, "तगोंड बंद्या? शाण्या." म्हणजे घेऊन आलास? शहाणा. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग, तेच वाक्य. काही दिवसांनी तो स्वतःच म्हणतो, "तगोंड बंदे." घेऊन आलो. व्याकरण कुणी शिकवलं नाही, वाक्य ताकाबरोबर आलं. मोठ्यांनीही असंच शिकावं. चूक दाखवण्यापेक्षा बरोबर रूप आपल्या बोलण्यात परत म्हणून दाखवलं की शिकणाऱ्याचं तोंड बंद होत नाही.

क्रियापदांचे शेवट मात्र एकदा बसून लिहून घ्यावेत. "माडु"चं: मी माडतीनि, तू माडती, तुम्ही माडतीरि, तो माडतान, ती माडताळ, ते लोक माडतार, आणि वस्तू किंवा जनावर असेल तर माडतैती. मराठीत "करतो-करते" असा बोलणाऱ्याचा फरक असतो, तो इथे नाही. बाई असो की बुवा, "माडतीनि"च. लिंगाची कटकटही कमी. टेबल, खुर्ची, पुस्तक, गाय, सगळं नपुंसकलिंगी. पुल्लिंग-स्त्रीलिंग माणसांना आणि देवांना. नकाराला दोन शब्द आहेत, "इल्ल" आणि "अल्ल". एक आपलं "नाही", दुसरं आपलं "नव्हं". कोल्हापुरी माणूस "व्हय" आणि "न्हवं" दिवसभर म्हणतो, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आकडे तर मराठीपेक्षा सोपे. वीसनंतर सगळं सरळ जोडलेलं: इप्पत्तु म्हणजे वीस, इप्पत्तोंदु एकवीस. एकोणसाठ की एकोणसत्तर असा घोळ होत नाही, कारण एकोणसाठ म्हणजे "पन्नास-नऊ", ऐवत्तोंबत्तु. शाळेत मराठी अंकांना अडखळणारी पोरं कानडी आकडे चटकन उचलतात.

जीभ उघडणे

"समजतं पण बोलता येत नाही" यातलं पहिलं अर्धं फार मोलाचं आहे. कान तयार आहे, म्हणजे निम्मं काम झालेलं आहे. बाहेरच्या माणसाला ळ आणि ल, आखूड आणि लांब स्वर यातला फरक ऐकूच येत नाही. तुम्हाला तो आपोआप येतो. अडकतं ते तोंडाशी, आणि अडवणारी गोष्ट बहुतेक वेळा लाजच असते.

त्यावर तीन वाक्यं उपयोगी पडतात, ती घोकून ठेवा. "इन्नोम्मि हेळ्री", पुन्हा सांगा. "सावकाश माताड्री", सावकाश बोला. आणि सगळ्यात कामाचं: "इदक्क एनंतार?", याला काय म्हणतात? हा प्रश्न कानडीत विचारला की समोरचं माणूस कानडीतच राहतं. तोच मराठीत विचारला की तेही मराठीत येतं.

नातेवाईक हसतात. लग्नात, बारशाला तुम्ही पहिल्यांदा तोंड उघडलं की मामेभावंडं हसणारच. त्यात बहुतेक आनंद असतो, पण शिकणाऱ्याला तो टोचतो, विशेषतः बारा-पंधरा वर्षांच्या पोरांना. म्हणून पहिले काही महिने चार माणसांत बोलायला लावू नका. "म्हणून दाखव बघू कानडी" हे तर कधीच नको. त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर मामाला आवाजी निरोप पाठवायला सांगा. तो पाठवण्याआधी हवा तितका वेळ घेता येतो, नको वाटला तर पुसता येतो आणि मामाचं उत्तर पुन्हापुन्हा ऐकता येतं.

उच्चारात लक्ष द्यायच्या गोष्टी मोजक्या आहेत. कन्नडमध्ये ए आणि ओ आखूड-लांब असे दोन्ही असतात, आणि नेहमीच्या देवनागरीत तो फरक दिसत नाही, म्हणून तो कानानंच घ्यायचा. "बेळे" आखूड म्हटलं तर शेतातलं पीक, लांब म्हटलं तर डाळ. जोडाक्षराचा ठोसाही नीट हवा: "हालु" दूध, "हल्लु" दात. कालु पाय, काळु धान्य, कल्लु दगड, कळ्ळ चोर. ही चौकडी मुलांना खेळ म्हणून फार आवडते.

मोबाइलवरच्या ॲपबद्दल एक सावधगिरी. त्यातली कन्नड बहुधा बेंगळुरू-म्हैसूरकडची किंवा ग्रांथिक असते. "कसे आहात?" याला ॲप "हेगिद्दीरा?" शिकवतं आणि अज्जी विचारते "ह्यांग अदीरि?" पोरगं गोंधळतं आणि आपलीच अज्जी चुकीचं बोलते असं त्याला वाटायला लागतं. हे होऊ देऊ नका. अज्जीची कानडी गावंढळ नाही. ती बेळगाव-धारवाडच्या पट्ट्यातली, भरपूर मराठी मुरलेली, जुनी बोली आहे. ॲप वापरायचंच असेल तर घरची बोली तोंडात बसल्यावर.

लहान मूल असेल तर

जन्मापासून दोन्ही भाषा कानावर पडू द्या. आई कानडीत, बाबा मराठीत, किंवा आजी कानडीत आणि बाकी घर मराठीत, कसंही चालतं, फक्त ते सातत्यानं हवं. दोन भाषांमुळे मूल तोतरं होतं किंवा त्याच्या वाचेत दोष येतो असं काही नाही. सुरुवातीला मूल दोन्ही मिसळून बोलतं, तेही नेहमीचंच आहे. शब्द मोजायचे झाले तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा. मात्र दोन वर्षांचं झालं तरी मूल कुठल्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, किंवा हाक मारल्यावर वळत नसेल, तर भाषांवर खापर न फोडता बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानाची तपासणी करून घ्या.

वडिलांकडच्या आजीला काळजी वाटते की पोरगं मराठी विसरेल. तिची समजूत प्रेमानं काढावी लागते. कोल्हापुरात गल्ली मराठी, शाळेचं मैदान मराठी, तालीम मराठी, गणपती मराठी. मराठी जाणार नाही. जपावं लागतं ते दुसऱ्या भाषेला, कारण तिच्या बाजूनं घरातली दोन-तीन माणसंच उभी आहेत. ज्याला कानडी येत नाही त्या जोडीदारालाही बाहेर ठेवू नका. ताटावर त्यालाही "साक", "ब्याड", "इन्न स्वल्प हाक्री" (आणखी थोडं वाढा) म्हणता यावं. बाबा शिकताना दिसले की मुलांना शिकणं लाजिरवाणं वाटत नाही. माझ्या वडिलांनी म्हातारपणी शिकलेली चार वाक्यं आजोळी किती कौतुकानं ऐकली जातात ते मी पाहते आहे.

आवाज धरून ठेवा

आजी आहे तोवर हे काम करा. फोनचं रेकॉर्डर सुरू करून पंधरा-वीस मिनिटांच्या गप्पा. "कानडीत काहीतरी बोल" म्हटलं की आजी गप्प होते. ठोस विचारायचं: लग्नात किती बैलगाड्या होत्या, होळगी (पुरणपोळी) कशी लाटायचीस, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम कसं चालायचं, सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला कुठल्या रस्त्यानं जायचात. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं, महामार्ग अडवला गेला. त्या भागातल्या साठी-सत्तरीच्या माणसांना ते विचारा, बोलणं थांबत नाही.

प्रत्येक फाइलला तारीख, माणसाचं नातं आणि विषय लिहून नाव द्या आणि फोनखेरीज आणखी दोन ठिकाणी साठवा. मग एकेक मिनिट ऐकून देवनागरीत लिहून काढा. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण माझ्या अनुभवात भाषा सगळ्यात जास्त पक्की झाली ती यातूनच. नातलगांच्या ग्रुपवर टाकण्याआधी आजीला विचारायला विसरू नका. काही गोष्टी ती फक्त तुम्हाला सांगते.

लिपी: स्टँडवर जा

बोलणं सुरू झालं की लिपी. वर्णमालेचा क्रम देवनागरीचाच आहे, क ख ग घ, च छ ज झ, तेव्हा पाठांतर असं काही नाही, फक्त आकार ओळखायचे. त्यासाठी कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकासारखी शाळा नाही. वायव्य कर्नाटक परिवहनच्या गाड्या तिथे लागतात आणि त्यांच्यावर आपल्याला आधीच माहीत असलेली गावं लिहिलेली असतात. काय लिहिलंय हे ठाऊक असलं की अक्षरं आपोआप सुटतात.

"कर्नाटक" हा शब्द प्रत्येक गाडीवर आहे. त्यात पहिला आणि शेवटचा क सारखाच, वर छोटीशी टोपी, तिला तलेकट्टु म्हणतात. आणि रफार कुठे गेला बघा: आपण तो "ना"च्या डोक्यावर देतो, कन्नडमध्ये तो "ना" झाल्यावर उजवीकडे येतो. "चिक्कोडी" आणि "हुक्केरी" पाहा, दोन्हींत दुसरा क पहिल्याच्या खाली लहान होऊन बसलाय. त्याला ओत्तक्षर म्हणतात. "संकेश्वर"मध्ये अनुस्वार डोक्यावर नाही, अक्षराच्या शेजारी गोल आहे, आणि "श्व"चा व खाली. एवढ्या चार पाट्यांत कन्नड लिपीच्या बहुतेक खुब्या आल्या. घोटाळा होतो तो प, व, म आणि ष यांच्यात, तसाच द, ध, थ यांच्यात. ती एकाखाली एक लिहून सराव करा.

पुढे फोनवर कन्नड कळफलक घ्या, मामाला दोन ओळी लिहून पाठवा. शब्द अडले तर म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाच्या भारतवाणी संकेतस्थळावर शब्दकोश आहेत. ऐकण्यासाठी आकाशवाणीचं धारवाड केंद्र उत्तम, भाषा आपल्या भागाला जवळची आहे. खिद्रापूरला कोपेश्वराच्या मंदिरात जुन्या कन्नडमधले शिलालेख आहेत. ते वाचता येणार नाहीत, लिपी फार जुनी आहे, पण आपल्याच जिल्ह्यात ही भाषा दगडावर आहे हे मुलांना दाखवून आणा.

सीमेचा प्रश्न मुलं विचारतातच

१ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव असतो आणि बेळगावातली मराठी माणसं काळा दिवस पाळतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचं हे दुखणं आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तणाव वाढला की गाड्या बंद होतात, आजोळी जाता येत नाही. मुलं विचारतात, "मग आपण कुठले?" टाळू नका. काय झालं ते त्यांच्या वयाला कळेल असं सरळ सांगा. बेळगावच्या मराठी माणसाला त्याच्या भाषेतली पाटी आणि कागद मिळायला हवा हे मनापासून म्हणत असतानाच अज्जीशी कानडीत बोलता येतं. या दोन गोष्टींत मला कधी विरोध दिसला नाही. अशा दिवसांत घरातली कानडी बंद करू नका, नाहीतर मूल एवढंच शिकतं की ती लपवायची गोष्ट आहे.

दोन नावं सांगायला ठेवा. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती, आणि ते कन्नडचे थोर कवी झाले, १९७३ चा ज्ञानपीठ त्यांना मिळाला. भीमसेन जोशी गदगकडचे, कानडी घरातले. त्यांचे अभंग महाराष्ट्रानं डोक्यावर घेतले आणि कन्नड दासांची पदंही ते तितक्याच ओढीनं गायले.

फॉर्मवरच्या "मातृभाषा" या रकान्याचाही प्रश्न येतो. जनगणनेची व्याख्या अशी की बालपणी आईनं ज्या भाषेत मुलाशी बोललं ती मातृभाषा. शिवाय येत असलेल्या आणखी दोन भाषा नोंदवण्याची सोय असते. ती वापरा. प्रगणक घाईत असतात, "मराठीच ना?" म्हणून पुढे जातात, तेव्हा थांबवून नीट लिहायला सांगा.

आणि घरात बोलणारं कुणी उरलं नसेल तर

हे पुष्कळांचं आहे. आजी गेली, मामाची मुलं पुण्यात. तरी कोल्हापूर सोयीचं गाव आहे. नवरात्रात अंबाबाईला येणाऱ्या कर्नाटकातल्या भाविकांमुळे महाद्वार रोडवरच्या कितीतरी दुकानदारांना कामापुरती कानडी येते. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, सीमेपलीकडचे पेशंट असतात, त्यांच्या नातेवाइकांना केसपेपर कुठे काढायचा हे सांगायला माणूस हवाच असतो. लांबच्या नात्यातली एखादी आत्या, आजीची जुनी शेजारीण, गडहिंग्लजच्या बाजारात भाजी विकणारी बाई, कुणीही चालेल. ओळख काढताना आपलं आजोळचं गाव आधी सांगा. "नम्म अज्जी चिक्कोडी कडेयाकि", आमची आजी चिक्कोडीकडची, एवढं म्हटलं की पुढचा प्रश्न कानडीतच येतो, आणि तो बहुतेक "यार पैकी?", म्हणजे कुणापैकी, हाच असतो. त्याचं उत्तर, म्हणजे आजीच्या माहेरचं आडनाव, गल्ली आणि देवाचं नाव, आधी आईला विचारून लिहून ठेवा.